पिण्याचं पाणी अडीअडचणीसाठी साठवायचं तर नेमकं कसं? आरओचं, नळाचं की उकळलेलं?

ओलीवाट
मंडळी, मागच्या महिन्यात आमच्या भागाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि सलग काही दिवस नळाला थेंब नव्हता. वीजही जाऊन-येऊन, त्यामुळे आरओ बंद. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठ महिन्यांचं बाळ. शेजाऱ्यांनी त्यांच्याकडचं पाणी दिलं म्हणून निभावलं. मोठ्यांचं ठीक आहे हो, पण त्या पाण्याने बाळाचं दूध करायचं की नाही, ह्या विचाराने जीव खालीवर होत होता.

आता पुन्हा तशी वेळ यायच्या आत तयारी करायची आहे. घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो आरओचं पाणी सगळ्यात शुद्ध, तेच कॅनमध्ये भरून ठेवू. सासूबाई म्हणतात उकळून गार केलेलं ठेवा. सासऱ्यांचं म्हणणं, नळाचं भरा आणि रोज बदला.

किती साठवावं, कशात साठवावं आणि किती दिवस टिकतं? ज्यांनी खरोखर साठवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खटपट्या
आधी हिशोब. माणशी रोज साधारण ४ लिटर धरा. त्यात पिणं, थोडा स्वयंपाक, दात घासणं एवढंच बसतं. किमान तीन दिवसांची सोय हवी, जमल्यास दोन आठवड्यांची. तुम्ही पाच जणं, म्हणजे तीन दिवसांचे ६० लिटर, दोन आठवड्यांचे २८०. आंघोळ, भांडी, संडास ह्यात धरलेलं नाही. मदतकार्यात सगळं मिळून माणशी रोज १५ लिटर हे किमान मानतात, त्यावरून अंदाज येईल.

तीन दिवसांपासून सुरुवात करा. २० लिटरचे तीन कॅन कुठेही मावतात. आणि २०० लिटरचं पिंप घ्यायच्या आधी विचार करा, भरल्यावर ते दोनशे किलोंच्या वर जातं. माळ्यावर किंवा गॅलरीच्या कडेला ठेवायची वस्तू नाही ती.

शंकेखोर
माणशी ४ लिटर जास्त वाटतात. मी दिवसाला दोन लिटरच्या वर पीत नाही. बाळाचे ४ कशाला?

खटपट्या
शंकेखोर, बाळ ४ लिटर पिणार नाही, पण त्याची बाटली-वाटी धुऊन उकळायची, दुपट्यावरचं काही स्वच्छ करायचं, त्यातच जातात. उन्हाळा, ताप, जुलाब, अंगावर पाजणारी आई असं काही असलं तर मोठ्यांनाही दोन लिटर पुरत नाहीत.

केमिस्ट्रीवाला
धाग्यातला कळीचा प्रश्न आरओचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नळाला येणाऱ्या शुद्ध केलेल्या पाण्यात मुद्दाम थोडा क्लोरीन शिल्लक ठेवलेला असतो. लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असला तरी पुरतो. त्याचं काम राखणीचं. वाटेत किंवा भांड्यात चार जंतू शिरले तर तो त्यांचा बंदोबस्त करतो. आरओ यंत्रात पडद्याच्या आधी कोळशाचा फिल्टर असतो, तो नेमका हाच क्लोरीन काढून टाकतो, कारण क्लोरीनने पडदा खराब होतो. म्हणजे यंत्रातून बाहेर पडतं ते पाणी त्या क्षणी स्वच्छ असतं, पण त्याला राखणदार नसतो. कॅनच्या तोटीत, बुचाच्या आट्यांत किंवा तुमच्या बोटांवर जे काही असेल ते त्यात सुखाने वाढतं. उकळलेल्या पाण्याचंही तेच. उकळताना जंतू मरतात, आणि क्लोरीनही उडून जातो.

म्हणून लांब मुदतीच्या साठ्यासाठी मी सासरेबुवांच्या बाजूने. नळाला शुद्ध केलेलं, क्लोरीनचं पाणी येत असेल तर तेच, धुऊन निर्जंतुक केलेल्या कॅनमध्ये, काठोकाठ, घट्ट बूच लावून. पण रोज बदलायची गरज नाही. अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी बदला. बुचावर भरल्याची तारीख लिहा.

बोअरचं किंवा विहिरीचं पाणी असेल तर मात्र आधी प्रक्रिया करून मगच भरायचं.

दवबिंदू
केमिस्ट्रीवाले काकांना शंभर टक्के अनुमोदन.

मी आरोग्यसेवेत आहे. पुरानंतरच्या कामात पाण्यातला क्लोरीन तपासत फिरावं लागतं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, ओटी (ऑर्थोटोलिडिन) ह्या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं. टँकरच्या नळाखाली नळी धरली की छान पिवळा रंग यायचा. तेच पाणी भरून नेलेल्या घरात, स्वयंपाकघरातल्या पिंपातून घेतलं की पुष्कळदा रंगच नाही. मधे काय झालेलं असायचं? पिंपाचं तोंड रुंद, वर अर्धवट झाकण, आत बुडवायला एक पेला. तो पेला कधी पिंपावर, कधी ओट्यावर, कधी पोराच्या हातात. पाणी आणलं चांगलं होतं, ते घरात आल्यावर बिघडलं.

त्यामुळे माझा पहिला आग्रह भांड्याचा. हात आत जाणार नाही इतकं तोंड लहान हवं, घट्ट झाकण हवं, खाली तोटी हवी. तोटी नसेल तर ओतून घ्या, पण बुडवून घेऊ नका. एवढं एक पाळलं तरी अर्धं काम होतं.

मिश्किल_मीना
आमच्याकडे बुडवायच्या पेल्यावरून तीन पिढ्यांचं युद्ध चालू आहे. आज हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवणार. दवबिंदू, जिंकले तर श्रेय तुम्हाला!

शंकेखोर
सहा महिने म्हणता, पण विकतच्या सीलबंद बाटलीवर त्याहून लांबची तारीख असते. पाणी "एक्स्पायर" होतं तरी का?

केमिस्ट्रीवाला
पाणी स्वतः खराब होत नाही. कारखान्यातली बाटली निर्जंतुक वातावरणात भरून सील होते, घरचा कॅन तसा भरला जात नाही. फरक तेवढाच. सहा महिने ही घरच्या भरण्यासाठी सावधगिरीची मुदत आहे, १८१ व्या दिवशी पाणी विषारी होत नाही. विकतच्या बाटल्या मात्र उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. उष्णतेने प्लास्टिकमधले घटक पाण्यात जास्त उतरतात, चवही बिघडते.

गच्चीवरचा
गॅस, वीज, औषध काहीच नसेल तेव्हाचा उपाय सांगतो. पारदर्शक पेट बाटली, दोन लिटरपर्यंतची, ओरखडे न पडलेली. पाणी भरून गच्चीवर आडवी ठेवायची. लख्ख ऊन असेल तर सहा तास, आभाळ निम्म्याहून जास्त भरलेलं असेल तर सलग दोन दिवस. सूर्याची अतिनील किरणं आणि उष्णता मिळून जंतू मारतात.

पाणी नितळ हवं ही अट. ओळखायची युक्ती सोपी आहे. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवा आणि उघड्या तोंडातून खाली बघा. मथळ्याची अक्षरं वाचता आली तर पाणी चालेल. नाही आली तर आधी निवळू द्या, गाळा, मग परत बघा. आम्ही घरी मुलांकडून हे करून घेतो, त्यांना मजा वाटते आणि कामही होतं.

मिश्किल_मीना
गच्चीवाले, पूर येतो तो धो धो पावसात. तेव्हा सूर्यमहाराजांना कुठून आणायचं? :)

गच्चीवरचा
अगदी बरोबर, सतत पाऊस असेल तर हा उपाय बाद. म्हणूनच "काहीच नसेल तेव्हा" म्हटलं. त्या दिवसांसाठी क्लोरीन हवाच.

नीलकंठी
मग क्लोरीनचं प्रमाण कोणीतरी नीट लिहा ना. दरवेळी "थोडं ब्लीच टाका" असं वाचते आणि धीर होत नाही.

केमिस्ट्रीवाला
नीलकंठी, लिहितो. आधी बाटलीवरचं लेबल वाचा. ५ ते ९ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं साधं ब्लीच हवं. सुगंधी, रंगीत कपड्यांसाठीचं, दाट केलेलं किंवा साबण मिसळलेलं अजिबात नको. टक्केवारी लिहिलेली नसेल तर ते पिण्याच्या पाण्याला वापरूच नका.

नितळ पाण्याला लिटरमागे २ थेंब. २० लिटरला ४० थेंब, म्हणजे ड्रॉपरने साधारण २ मिली. ढवळून अर्धा तास झाकून ठेवा. अर्ध्या तासाने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. आला नाही तर तेवढंच परत टाकून आणखी थोडा वेळ थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून फडक्यातून गाळा. तरी गढूळच राहिलं तर थेंब दुप्पट. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो, म्हणून गढूळ पाण्यात थेट टाकण्यात अर्थ नाही.

कॅन निर्जंतुक करायला साबणाने धुतल्यावर एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा, ५ मिली, ब्लीच घालून तो सगळीकडून फिरवा. अर्धा मिनिट आतून सगळं ओलं राहू दे. मग ओतून द्या आणि वाळवा किंवा पिण्याच्या पाण्याने विसळा. तोटी उघडून हेच पाणी तिच्यातूनही जाऊ द्या. मी तोट्या उघडून पाहिल्या आहेत. बाहेरून चकचकीत, पण आट्यांच्या आत बोट फिरवलं की बुळबुळीत थर लागतो. जुन्या दातांच्या ब्रशने तो घासून काढावा लागतो.

आणि कृपा करून ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड किंवा अमोनियाचं काहीही मिसळू नका. विषारी वायू होतो. ब्लीच जुनं झालं की उतरतं, वर्षभराने नवीन आणा.

क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर सगळ्यात बरं. गोळी किती लिटरला ते पाकिटावर असतं. पाच लिटरची गोळी आणि वीस लिटरची गोळी दिसायला सारखीच असते, म्हणून पाकीट फेकू नका.

आजोबा_७२
आमच्या लहानपणी पाणी चौपदरी फडक्यातून गाळायचं, तुरटी फिरवायची आणि पोटभर प्यायचं. कोणी थेंब मोजत नव्हतं.

दवबिंदू
आजोबा, तुरटी आणि फडकं दोन्ही आजही कामाचे आहेत. तुरटीने गाळ खाली बसतो, फडक्याने कचरा अडतो, आणि मग क्लोरीन नीट काम करतो. पण नुसत्या तुरटीवर थांबू नये. निवळलेल्या पाण्यातही पटकीचे, काविळीचे जंतू राहू शकतात आणि डोळ्यांना पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. तुमच्या पद्धतीला फक्त शेवटची एक पायरी जोडायची.

आजोबा_७२
हे पटलं. पायरी जोडतो.

शंकेखोर
एवढं सगळं करण्यापेक्षा उकळा की. उकळण्याला तोड नाही, वाद मिटला.

रानवाट
वाद मिटत नाही, शंकेखोर. जंतूंसाठी उकळणं सर्वोत्तम, मान्य. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. क्लोरीनला न जुमानणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीही उकळण्याने मरतात. १९९३ साली अमेरिकेत मिलवॉकी शहरात ह्याच परजीवीने अंदाजे चार लाख लोक आजारी पडले होते, आणि ते पाणी क्लोरीन घातलेलं नळाचंच होतं.

पण उलट उदाहरणही आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच टोलेडो शहरात तळ्यातल्या शेवाळासारख्या जीवांचं विष पाणीपुरवठ्यात आलं. तेव्हा लोकांना सांगितलं होतं की पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. उकळलं की पाण्याची वाफ होते आणि विष मागे राहून आणखी तीव्र होतं. नायट्रेट, आर्सेनिक ह्यांचंही तसंच. कीटकनाशकं, डिझेल, कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं पुराचं पाणी उकळून किंवा क्लोरीन घालून पिण्याजोगं होईल असं धरून चालू नये. तिथे आधीपासून भरून ठेवलेलं पाणीच उपयोगी पडतं. साठवणीचा खरा फायदा मला तिथे दिसतो.

डोंगरात नेतात त्या पोकळ तंतूंच्या फिल्टरवर विसंबणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ते जिवाणू आणि परजीवी अडवतात, पण बहुतेकांतून विषाणू निसटतात. गाळून झाल्यावर क्लोरीन किंवा उकळणं हवंच.

शंकेखोर
टोलेडोचं माहीत नव्हतं. "उकळूही नका" अशी सूचना असू शकते हे पहिल्यांदाच वाचतोय. माझं वाक्य मागे घेतो.

सई_सांज
तांब्याच्या भांड्यात ठेवलेलं चालेल का? त्यात जंतू मरतात म्हणतात.

केमिस्ट्रीवाला
तांब्याचा जंतूंवर परिणाम होतो, पण सावकाश, बरेच तास लागतात, आणि पाणी किती खराब आहे त्यावर ठरतं. आणीबाणीत भरवशाचा उपाय म्हणून नको. महिनोन् महिने तर तांब्यात ठेवूच नका, तांबं पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमच्या आत हवं.

नीलकंठी
दोन गोष्टी राहिल्या. एक, पाणी गेलं की मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. वाहिनीत दाब नसतो तेव्हा फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि पुरवठा सुरू झाल्यावर पहिलं पाणी तेच असतं. ते टाकीत घेऊ नका. वाहू द्या, नितळ झालं की भरा.

दुसरी, डासांची. वापरायचं पाणी बादल्या-पिंपांत भरून ठेवलं की डेंग्यूच्या डासाला आयतं घर मिळतं. त्याला स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. त्यामुळे नुसतं पाणी ओतून चालत नाही, आठवड्यातून एकदा कडा घासून काढायच्या. पिण्याच्या बंद कॅनला हा धोका नाही, उघड्या भांड्यांना आहे. आमच्याच घरात एकाला डेंग्यू होऊन गेला, म्हणून कळकळीने सांगते.

खटपट्या
नीलकंठी, +१. जोडीला घरात असलेलं पण लक्षात न येणारं पाणी: साठवणीचा गीझर. १५ ते २५ लिटर सहज असतात. आधी वीज बंद, मग पाणी येण्याची कॉक बंद, निवू द्या, मग खालच्या बाजूने काढा. सुरुवातीचा गाळ टाकून द्या आणि पिण्याआधी उकळा. परत पाण्याने पूर्ण भरल्याशिवाय वीज चालू करू नका, कॉइल जळते. फ्रीजमधला बर्फही पाणीच आहे.

ओलीवाट
किती छान माहिती मिळाली! गीझरचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पण बाळाचं कोणीतरी सांगा. पावडरचं दूध आहे. क्लोरीन घातलेलं पाणी चालेल का?

दवबिंदू
ओलीवाट, बाळाच्या पाण्याला वेगळा, लहान, सीलबंद साठा ठेवा, म्हणजे त्यावर कोणाचा हात पडणार नाही. सीलबंद असलं तरी ते पाणी खळखळून उकळा, अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी त्यात पावडर मिसळा, आणि मग बाटली गार पाण्यात धरून कोमट करून पाजा. गरम पाणी ह्यासाठी की पावडरही निर्जंतुक नसते. उकळल्याने क्लोरीनही बराच उडतो. दूध दर वेळी ताजं करा, उरलेलं ठेवू नका. म्हणजे तुमच्या तयारीत थोडं इंधनही धरावं लागेल. आणि तुम्ही अंगावरही पाजत असाल तर त्या दिवसांत ते थांबवू नका. बाळासाठी त्याहून सुरक्षित काही नाही, फक्त तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या.

जुलाब झाले तर मोठ्यांसाठी ओआरएसची पाकिटं घरात ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा छोटा. मीठ अंदाजाने टाकू नका. बाळासाठी मात्र पाकीटच आणि डॉक्टरांचा सल्ला.

सई_सांज
पाणी कमी असेल तर सगळ्यांनी घोटघोट प्यायचं, असं वाटून घ्यावं ना?

रानवाट
नको. आज जेवढी गरज आहे तेवढं आज प्या आणि उद्याचं उद्या शोधा, असं सगळे जाणकार सांगतात. काटकसर करायची ती श्रमात आणि उन्हात जाण्यात. कॅनमध्ये पाणी शिल्लक असताना माणसं चक्कर येऊन पडलेली डोंगरात पाहिली आहेत.

दवबिंदू
म्हाताऱ्या माणसांना तहान कमी जाणवते, त्यांना विचारत बसू नका, हातात पेला द्या. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्याची मर्यादा दिली आहे त्यांनी मात्र आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

मिश्किल_मीना
अवांतर: साठवलेलं पाणी बेचव लागतं म्हणून मुलं नाक मुरडतात. दोन भांड्यांत चार वेळा वरून ओतून हवा खेळवली की चव सुधारते. आमच्याकडे ह्याला "पाण्याचा झोका" म्हणतात आणि ओतायला रांग लागते.

ओलीवाट
घरी सगळ्यांना बसवून धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: २० लिटरचे तीन नवे कॅन, लहान तोंडाचे, तोटीचे, आत ब्लीचचं पाणी फिरवून घेतलेले. त्यांत नळाचं पाणी, बुचावर तारीख. बाळासाठी सीलबंद बाटल्या वेगळ्या. क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएस एका डब्यात. आरओ रोजच्या पिण्याला. सासरे भलतेच खूश आहेत. सासूबाईंकडे उकळण्याचं खातं आहे, गॅससकट. कॅन जिन्याखालच्या खोलीत ठेवणार आहोत, तिथे अंधार आणि गारवा दोन्ही आहे.

केमिस्ट्रीवाला
उत्तम. दोन प्रश्न. कॅन नवेच घेताय ना? रसायनाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी नको, आणि दुधाचाही नको, दुधाचा अंश पूर्ण निघत नाही. आणि जिन्याखाली आणखी काय ठेवलेलं असतं?

ओलीवाट
कॅन नवेच. जिन्याखाली रंगाचे डबे, थोडं रॉकेल आणि झाडांवर फवारायचं औषध आहे.

केमिस्ट्रीवाला
मग जागा बदला, किंवा ते सामान बाहेर काढा. रॉकेल आणि कीटकनाशकाची वाफ प्लास्टिकमधून हळूहळू पाण्यात उतरते, बूच कितीही घट्ट असलं तरी. बाकी सगळं झकास आहे.

ओलीवाट
सामान आजच हलवते. धन्यवाद काका.